दोघंच नाशिकला

आमच्या घरातलं कुणी कधी नुसतं फिरायला गेलेलं नाही. तशी माणसं हिंडलीत पुष्कळ. तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर. आई तर एकदा थेट काशीला जाऊन आली. पण प्रत्येक वेळी त्या टोकाला एखादा देव होता, नाहीतर लग्न, नाहीतर दवाखाना. देव नाही, लग्न नाही, दुखणं नाही, कोर्टाची तारीख नाही आणि तरी नवरा-बायको बॅग भरून मुरुमच्या बसस्टँडवर उभे आहेत, हे दृश्य मी पन्नाशीपर्यंत पाहिलं नव्हतं. ते दृश्य आपल्यालाच व्हायचं आहे असं कळलं तेव्हापासून माझ्या छातीत जळजळायला लागलं.

हे सगळं लेकीनं केलं. ती पुण्यात नोकरी करते. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून तिनं आम्हाला न विचारता बुकिंग करून टाकलं. दोन दिवस नाशिक शहरात हॉटेल आणि तिसऱ्या दिवशी शहराबाहेर एका वायनरीत मुक्काम. वायनरी म्हणजे द्राक्षाची बाग, बागेतच वाईन करायचा कारखाना आणि त्याच बागेत पाहुण्यांना राहायच्या खोल्या.

"पप्पा, कपल पॅकेज आहे," ती फोनवर म्हणाली.

पोरीच्या तोंडून कपल हा शब्द ऐकला आणि मी फोन घाईघाईनं हिच्याकडं दिला.

लेकीला ही बुद्धी झाली ती हिच्यामुळं. हिचं माहेर नळदुर्गजवळचं. वडिलांची द्राक्षाची बाग होती, आणि शाळा सोडून उरलेलं हिचं सगळं लहानपण त्या मांडवाखाली गेलं. द्राक्षाची बाग रस्त्यावरून जाणाऱ्याला फार देखणी दिसते. आत काम करणाऱ्याला ती दिसतच नाही. मान वर करायची, हात वर करायचे आणि डोक्यावर लोंबणाऱ्या एकेका घडातले जादा मणी कात्रीनं काढायचे. मग औषधाच्या मगात एकेक घड बुडवायचा. औषध कोपरावरून काखेत उतरतं. आमच्या लग्नात हार घालून घ्यायला हिनं मान खाली करायच्या ऐवजी वर केली होती. ती सवयीनं केली, असं मी पाहुण्यांत गमतीनं सांगतो. मान तिची अजून दुखते, ते मात्र सांगत नाही.

पुढं विहीर आटली, बाग काढली. आता त्या रानात सोयाबीन आणि हरभरा घेतात. मागं कधीतरी ही फोनवर लेकीला म्हणाली होती, "एकदा द्राक्षाच्या बागेतनं मोकळ्या हातानं फिरायचंय बाई. कायसुद्धा काम न करता. साहेबावानी." म्हणे मी तेव्हा शेजारीच पेपर वाचत होतो. लेकीनं ऐकलं, पुण्याहून. मी ऐकलं नाही, हातभर अंतरावरून.

असो. जायचं ठरलं. म्हणजे त्या दोघींचं ठरलं आणि माझी काळजी सुरू झाली.

मी इथल्या कॉलेजात कारकून आहे. कागद नसला की मला माणूसच दिसत नाही. हॉटेलात जोडप्याला पुरावा मागतात असं कुणीतरी ऑफिसात म्हणालं, म्हणून मी आमची दोघांची आधार कार्डं, रेशन कार्ड आणि लग्नाची पत्रिका एका पिशवीत घातली. पत्रिका बघून ही म्हणाली, "व्याही-भोजनाचा फोटोबी घ्या की."

दुसरी काळजी वाईनची. आमच्याकडं ज्या दुकानावर तो शब्द लिहिलेला असतो, तिथून बाहेर पडताना माणसं पेपरात गुंडाळलेली वस्तू शर्टाखाली धरतात आणि मान खाली घालतात. मी त्या दुकानासमोरून जातानासुद्धा पलीकडच्या फुटपाथनं जातो. आणि आता त्या वस्तूच्या कारखान्यात मुक्कामाला, तेही बायकोला घेऊन!

पण या दोन्ही काळज्या तिसरीपुढं काहीच नव्हत्या. आईला सांगायचं कसं?

आई आमच्याकडंच राहते. त्या दिवशी ती दारात बसून तूर पाखडत होती. मी दोनदा तिच्यासमोरून उगीच येरझार घातली. तिसऱ्यांदा धीर करून म्हणालो, "आई, आम्ही दोघं चार दिवस नाशिकला जाऊन येऊ म्हणतोय."

सूप थांबलं. आईनं माझ्याकडं पाहिलं, सूप बाजूला ठेवलं आणि पदरानं डोळे पुसले.

"शेवटी तुलाच सुचलं रं बाबा," ती म्हणाली. "थोरला नुसता बोलतो. तू न बोलता ठरवलंस."

मी काय ठरवलं होतं ते मला अर्ध्या मिनिटानं उमगलं.

आमच्या भागात जोडपं गाजावाजा न करता नाशिकला निघालं की ते त्र्यंबकला चाललंय असंच धरतात. त्र्यंबकला म्हणजे नारायण-नागबळी करायला. पितरांचं काही राहिलं असेल, घरात काही अडून बसलं असेल, तर ही पूजा घालतात. आणि आमच्या घरात अडून बसलंच होतं. माझे थोरले भाऊ सास्तूरला शेती करतात. त्यांच्या मुलाचं लग्न जमत नाही. पोरगा चांगला आहे, रान आहे, घर आहे. पण शेती करतो म्हटलं की पोरीकडचे चहासुद्धा पूर्ण पीत नाहीत. एका ज्योतिष्यानं पितृदोष सांगितला. तेव्हापासून पूजेचा विषय दरवर्षी निघायचा आणि दरवर्षी सुगीत बुडायचा.

तेव्हाच सांगायला हवं होतं. वायनरी हा शब्द माझ्या दातांपर्यंत आला, आईचे ओले डोळे बघून परत घशात गेला, आणि त्याच्या जागी जे बाहेर पडलं ते होतं, "बघू."

आमच्या घरात "बघू" म्हणजे होकार.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आणि वहिनी मोटारसायकलवरून दारात. दादांनी गाडीवरून उतरताच माझ्या खांद्यावर हात ठेवला. आमच्यात असं कुणी करत नाही. मी दचकलो.

"गुरुजींला फोन केला म्या," दादा खाटेवर बसत म्हणाले. "तीन दिवसांचा विधी हाय. जोडप्यानं बसाया लागतंय. तुझ्या मनात आलंय म्हंजी तुमी दोघंच बसा. मला ह्या गुडघ्यानं मांडी घालाया येत न्हाय. आमी नुसतं दर्शनाला येतू."

"आम्ही म्हणजे?"

"क्रूझर गाडी सांगितली की! आई, आमी दोघं, पोरगं, सोलापूरची आत्या, तिचा जावई. त्यो म्हणला, मला शिर्डीबी करायची हाय."

"दादा, पण लेकीनं तिथं हॉटेल…"

"रद्द करून टाक. धर्मशाळा बघितलीय. आन् धोतर नवं लागतंय, पांढरं. तू आणू नगंस, तुला दुकानात कायबी गळ्यात मारतील. म्या आणतू."

मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात दादांचा आवाज खाली आला. "तुझी वहिनी रोज रडती रं. पोरगं तर आता जेवताना मान वर करत न्हाय. तुला सुचलं, लई झालं."

आता या माणसाला मी काय सांगणार? की तुमच्या पोराचं लग्न राहू द्या बाजूला, मला कपल पॅकेज आहे?

ही चहा घेऊन आली. तिनं सगळं ऐकलं होतं. चहा दिला, वहिनींना आत घेऊन गेली, पोहे केले, सगळ्यांना हसून निरोप दिला. मोटारसायकलचा आवाज लांब गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो.

"तुम्ही काय म्हणालात आत्यांना?" तिनं भांडी घासता घासता विचारलं. सासूला ती आत्या म्हणते.

"मी म्हणालो, बघू."

"तुमचं ते बघू!" तिनं कढई उपडी आपटली. "क्रूझरमधी माझी जागा कुठं सांगू का? सगळ्यात मागं. पायापाशी स्टो, मांडीवर पिठाचा डबा. धर्मशाळेत मी पुऱ्या लाटणार, सोलापूरच्या आत्याबाईंचे जावई म्हणणार, वहिनी, लोणचं हाय का? आन् परत आल्यावर लेक विचारणार, मम्मी, एन्जॉय केलं का?"

"पण दादांच्या पोराचं…"

"मी पूजेला नको कधी म्हणलं? पूजा करू की. ह्या चार दिवसांतच करायची व्हय?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. म्हणून मी तिच्यासमोरून निघून गेलो.

पुढचे दिवस मी दोन्ही गोष्टी एकाच सहलीत बसवायचा प्रयत्न करत होतो. पहिले तीन दिवस त्र्यंबक, मग क्रूझरमधल्यांना शिर्डीला पाठवायचं आणि आपण हळूच वायनरी. पण मग धर्मशाळेतून निघताना सांगायचं काय? आणि आत्याचा जावई म्हणाला, मीबी येतो, तर? त्याला तर कारखान्यातून बाहेर काढायला माणसं लावावी लागतील. शेवटी तारीख पुढं ढकलता येते का ते बघावं म्हणून कॉलेजच्या मागच्या बाजूला, सायकल स्टँडपाशी उभं राहून मी वायनरीला फोन लावला. एक मुलगी फार गोड आवाजात बोलली.

"सॉरी सर, या ऑफरमध्ये डेट चेंज होत नाही."

"बरं. मग एक विचारू का? तिथं धोतरावर चालतं का?"

"सर, आमच्याकडं ड्रेस कोड नाही."

तेवढा एक दिलासा मिळाला. पण त्या दिवसापासून डोळे मिटले की मला नवं कोरं पांढरं धोतर नेसून, कपाळाला गंध लावून, हातात ग्लास घेऊन उभा असलेला मीच दिसायचो. मागं क्रूझर आणि क्रूझरच्या खिडकीत आईचं तोंड.

शुक्रवारी मी हार खाल्ली. हिला म्हणालो, "आपण असं करू, पुढल्या वर्षी जाऊ."

ती भांडेल असं मला वाटलं होतं. भांडणाची उत्तरं मी तयार करून ठेवली होती. तिनं कपाटावरची बॅग खाली घेतली. त्यात एक साडी आधीच घडी करून ठेवलेली होती, मोरपंखी, बारीक बुट्ट्यांची, लेकीच्या पहिल्या पगाराची. ती तिनं काढली, हातानं घडी सारखी केली आणि परत कपाटात ठेवली.

"पुढल्या वर्षी," ती म्हणाली, "आमचे दादाबी म्हणायचे. औंदा पाणी न्हाय, पुढल्या वर्षी बाग फुलंल." ती वडिलांना दादा म्हणायची.

मी उगीच पंख्याचं बटण चालू-बंद करून बघितलं.

हे सगळं आईनं पाहिलं होतं. तिला ऐकायला कमी येतं, असं आम्ही धरून चालतो. दिसतं मात्र तिला सगळं. दुपारी ही दारात बसून मेथी निवडत होती, आई तिच्याशेजारी. मी आत डोक्यावर चादर घेऊन पडलो होतो आणि झोपलो आहे असं दाखवत होतो.

"साडी आत का ठेवलीस?" आईनं विचारलं.

"पूजेला ती चालत न्हाय म्हणं."

"ती का ठेवलीस ते न्हाय इचारत. काढली कशाला हुतीस?"

मेथीच्या काड्या मोडायचा आवाज थांबला. मी चादरीच्या आत डोळे घट्ट मिटले.

"आत्या, आमी पूजेला चाललो नव्हतो," ही म्हणाली. "द्राक्षाची बाग बघायला चाललो होतो."

"नाशिकला? बाग बघाया?"

"व्हय."

"आन् तुझ्या बापाच्या बागंत काय कमी हुतं गं?"

"तिथं मी बघितली कुठं? तिथं हात वर आन् मान वर. घडाच्या पलीकडं काय हाय ते कधी दिसलंच न्हाय. एकदा मोकळ्या हातानं फिरायचं होतं. बास."

मला वाटलं, एवढ्यावर निभावलं. पण माझ्या बायकोला अर्धं सांगून थांबायची सवय नाही.

"आन् आत्या, तिथं त्या द्राक्षाची वाईन करत्यात."

"म्हंजी दारू."

"तसलीच."

"पिणार हायस?"

"अजून ठरवलं न्हाय."

चादरीखाली मी कान टवकारले. आईनं मेथीची एक काडी मोडली. मग विचारलं, "आन् ह्यो?"

"ह्यांना?" ही म्हणाली. "ह्यांना ताक जास्त झालं तरी सोसत न्हाय."

आई हसली असावी. खात्री नाही, चादर जाड होती. मग ती जे बोलली ते मला जन्मात कुणी सांगितलं नव्हतं.

"काशीला गेल्ते म्या तवा गाडीभर माणसं हुती. सैपाकाला म्या आन् तुझी सोलापूरची आत्यासासू. सकाळी भाकरी, दुपारी भात, रातच्याला पुन्यांदा भाकरी. परत आल्यावर बाया इचारायच्या, गंगा कशी हाय गं? म्या म्हणायची, लई मोठी. आगं, पातेली घासाया एका घाटावर गेल्ते तेवढीच गंगा ठावं मला. सगळी राखंनं काळी." मग ती म्हणाली, "साडी काढून ठेव बाहीर. घडीला वास लागतो कपाटाचा."

मी चादरीतून बाहेर यावं की नाही ते मला कळेना. शेवटी झोपूनच राहिलो. खरोखरच झोप लागली.

पण साडी बाहेर काढल्यानं क्रूझर थोडीच रद्द होते? रविवारी दादा आणि वहिनी पुन्हा आले. दादांच्या हातात कागदात बांधलेलं धोतर होतं. ते त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं. मी त्याच्यावर हात ठेवून बसलो, जणू ते उडून जाणार होतं. आता मीच बोलायचं, असं मी ठरवलं होतं. आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं होतं. "दादा," मी सुरुवात केली, "एक अडचण आहे."

"व्हय, अडचण हाय," आई मधेच म्हणाली. "धाकटीला अडचण येती त्याच तारखांला. पूजा व्हायची न्हाय."

बायकांच्या महिन्याच्या अडचणीबद्दल आमच्या घरात पुरुषांसमोर एवढंच बोलतात आणि पुरुषांनी पुढं एक अक्षर विचारायचं नसतं. दादांनी कपातला चहा बशीत ओतला, बशीतला परत कपात ओतला आणि छताच्या पंख्याकडं बघायला लागले. मीही पंख्याकडं बघायला लागलो. फरक एवढाच की हिची ती अडचण संपून दोन वर्षं झालीत, हे मला ठाऊक होतं. आईलाही ठाऊक होतं. आणि वहिनींना तर सगळ्यात आधी ठाऊक झालं होतं. त्यांनी पदर तोंडाशी धरला आणि त्यांना खोकला आला.

माझी आई! जिनं उभ्या आयुष्यात अडचणीच्या चौथ्या दिवसाआधी देवघराच्या उंबऱ्यात पाय ठेवला नाही, ती.

"मग…" दादा पंख्यालाच म्हणाले, "मग तारीख फुडं घेऊ. गुरुजींला कळवतू."

"कळवतूस कशाला? ह्येंची तिकिटं काढल्याली हायती, पैसं परत मिळत न्हाईत म्हणं. ही दोघं जाऊन येतील. लांबनं कळसाला हात जोडतील, आन् गुरुजींला भिटून पाडव्याच्या फुडली तारीख घिऊन येतील. समोरासमोर बोलल्यालं बरं."

"मग आमी क्रूझरनं दर्शन तरी…"

"अडचणीतल्या बाईसंगट एका गाडीत बसून देवाला जातूस व्हय रं?" आईनं असा काही चेहरा केला की दादांनी कानाला हात लावला.

क्रूझर रद्द झाली. वहिनी निघताना हिच्या कानाशी काहीतरी बोलल्या आणि ही त्या आठवड्यात पहिल्यांदा मोठ्यानं हसली. मी नंतर विचारलं तर म्हणाली, "जाऊबाई म्हणाल्या, पुढल्या वर्षी मलाबी येऊ द्या की असली अडचण."

धोतर तेवढं माझ्याकडं राहिलं. दादा म्हणाले, "असू दे, पाडव्यानंतर लागंलच."

निघालो त्या दिवशी मुरुमच्या स्टँडवर तीन ओळखीचे भेटले. तिघांनी विचारलं, "कुठं?" मी म्हणालो, "नाशिकला." तिघांनीही सहानुभूतीनं मान हलवली. सोलापूरच्या वाटेवर नळदुर्ग आलं, एसटी ढाब्यांच्या रांगेवरून पुढं सरकली, तशी ही खिडकीकडं सरकून बसली. माहेरचा फाटा मागं गेला. तिनं वळून पाहिलं नाही. मला वाटतं, मीच पाहिलं.

नाशिकला हॉटेलवाल्यानं आधार कार्डांकडं नीट बघितलंसुद्धा नाही. मी तरी पत्रिका काउंटरवर ठेवली. तो म्हणाला, "काका, कुणाचं लग्न आहे?" हिनं ती उचलून पर्समध्ये टाकली. दुसऱ्या दिवशी त्र्यंबकला जाऊन गुरुजींकडून तारीख घेतली. तारीख खरोखरच घेतली, आणि ती घेतल्यावर छातीतली जळजळ निम्मी कमी झाली. आईच्या म्हणण्याप्रमाणं कळसाला लांबूनच हात जोडले. ही म्हणाली, "जवळ जाऊ की, आता कसली अडचण?" मी म्हणालो, "नको. आई बोललीय तर बोललीय."

शहर आम्ही पाहिलं म्हणजे मी मागं वळून वळून पाहिलं. गोदावरीच्या काठावर, चिवड्याच्या दुकानात, रिक्षात, सगळीकडं मला आमच्या धाराशिवकडचा कुणीतरी दिसत होता. वायनरीच्या दारातून आत जाताना तर मी रुमाल तोंडाला धरला. धुळीची ॲलर्जी असावी तसा.

आत एक तरुण मार्गदर्शक आम्हा आठ-दहा जणांना बाग दाखवायला निघाला. इथं मांडव नव्हता. सरळ तारांच्या ओळी होत्या, माणसाएवढ्या उंच, आणि लहान लहान काळे घड कमरेच्या उंचीला लागलेले. ही पहिल्या ओळीच्या तोंडाशीच थांबली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "मान वर करायला लागत न्हाय."

"मग बरंय की."

"घड खाली. आन् वर बघा, आभाळ."

मी पाहिलं. आभाळ होतं. मला त्यात विशेष काही दिसलं नाही, पण मी मान हलवली.

मार्गदर्शक पानं, घड, माती यांच्याबद्दल पुष्कळ सांगत होता. हिचा हात एका घडाकडं गेला. अंगठा आणि दोन बोटं, मणी काढायची तीच पकड. मी बघितलं. हात मध्येच थांबला. तिनं तो मागं घेतला, दुसराही मागं घेतला, आणि दोन्ही हात पाठीमागं एकमेकांत घट्ट धरून ती चालायला लागली. आमच्या कॉलेजचे प्राचार्य परीक्षेत वर्गातून फिरतात तशी. मोरपंखी साडी, पाठीवर बांधलेले हात.

मला राहवेना. मार्गदर्शकाला सांगावं म्हणून मी पुढं झालो. "हिच्या माहेरी ना, द्राक्षाची…"

हिनं कोपरानं मला ढोसलं. "गप बसा. मला काय ठाऊक न्हाय."

मग ग्लास आले. तळाला घोटभर लाल. ग्लास घ्यायला हात सोडावे लागतात. तिनं सोडले नाहीत. मुलगा तिच्यापुढं ट्रे धरून उभा राहिला. शेवटी दोन्ही ग्लास मीच घेतले. पन्नाशीच्या आसपासचा एक कारकून, दोन हातांत दोन ग्लास, आणि शर्टाखाली लपवायला कागदाचा तुकडासुद्धा नाही. तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. आता तो घेणार कशानं? हिनंच माझ्या खिशातून काढला. आईचा होता. आईच्या फोनवर आवाज नेहमी मोठा ठेवलेला असतो, आणि मागं दादांचा आवाज येत होता. म्हणजे ते तिथंच बसलेले.

"पोचलाव का?" आई ओरडली.

"पोचलो आत्या."

"तारीख घिटली का?"

"घेतली. दादांना सांगा, पाडव्यानंतरची मिळाली."

मागं दादा काहीतरी म्हणाले. मग आईनं विचारलं, "आन् दुसरं? दर्शन झालं का?"

हिनं समोर बघितलं. ओळ लांबपर्यंत गेली होती.

"चाललंय आत्या. लई निवांत चाललंय."

"कशाला हात लावू नगंस बग."

"न्हाय लावला."

"मग ठिव फोन. बिल वाढतंय."

तिनं फोन परत माझ्या खिशात घातला, हात पुन्हा मागं बांधले आणि ती ओळीतून पुढं निघाली. बाकीची मंडळी कारखान्याकडं वळली होती. मी दोन्ही ग्लास न सांडता तिच्या मागून चालत राहिलो. फार जपून, कारण सांडले तर शर्टाला वास लागेल अशी मला काळजी होती.